विळीवर शिकलेला हात

सौदी अरेबियातल्या खमीस मुशैतमधल्या त्या इमारतीत रत्नागिरी-रायगडकडची काही कुटुंबे राहत, आणि सिराजुद्दीनविषयी त्या सर्वांचे एकमत होते. "सिराजचे हात सतत चालतात, पोचत मात्र कुठेच नाहीत," असे ती म्हणत. मयताच्या घरी बसला तरी तो समोरच्या पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडझाप करीत राही. शेजाऱ्याचा धडधाकट नळ दुरुस्तीला घेई, आणि मग खरोखरच प्लंबर बोलवावा लागे. तळमजल्यावरचे जमालुद्दीन तर नव्या पाहुण्याला आधीच सावध करीत. "त्याच्या शेजारी बसू नका. त्याचा गुडघा हलतो आणि थोड्या वेळाने आपलाही हलायला लागतो."

या हातांनी वीस वर्षे एकच नोकरी निभावली होती, आणि ती नोकरी मुळात हातांची नव्हतीच. ती तोंडाची होती. सिराजुद्दीन मोबाईलच्या दुकानात विक्रेता होता. लष्करी तळावरचा शिपाई असो की डोंगरातल्या गावाहून उतरलेला म्हातारा शेतकरी, समोरच्याला कोणता फोन हवा हे त्याला त्याच्याआधी कळे. त्याची अरबी इतकी सफाईची होती की गिऱ्हाईक पाठमोरे असले तर त्याला येमेनी समजे. बोलताना हात काउंटरवर उगाच काही तरी मांडीत, पुन्हा उचलीत. त्यांच्याकडून कोणी कधी कामाची अपेक्षा केली नव्हती.

२०१६च्या मार्चमध्ये हुकूम निघाला. मोबाईलच्या दुकानांत विक्री आणि दुरुस्ती ही दोन्ही कामे यापुढे फक्त सौदी माणसांनी करायची. मुदत सप्टेंबरपर्यंतची होती. पण सिराजुद्दीनच्या मालकाने वाट पाहिली नाही. उन्हाळ्यापूर्वीच त्याने दुकानाचे शटर ओढले, हात झटकले आणि म्हणाला, "सिराज, खलास."

बायको मासूमा आणि मुलगी अफशाँ या दोघींचा इथला मुक्काम सिराजुद्दीनच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, टेकलेला होता. अफशाँ नुकतीच बारावीत गेली होती. नवा कफील, म्हणजे जबाबदारी घेणारा मालक, मिळाला नाही तर तिघांनाही देश सोडावा लागणार होता, आणि वर्षाच्या मध्यावर गावी गेलेल्या मुलीला कोणते कॉलेज बारावीत घेणार? परीक्षा पुढल्या मार्चमध्ये संपायची होती. तोवर इथे टिकायचे, एवढाच प्रश्न होता.

उत्तर जमालुद्दीननी काढले. ते शीतगृहाच्या कंपनीत हिशेब पाहत. खमीसला येणारी बरीचशी मासळी पूर्व किनाऱ्यावरच्या कतीफहून येई आणि कतीफच्या मासळी बाजारातल्या अबू इमाद नावाच्या व्यापाऱ्याशी त्यांचा जुना परिचय होता. अबू इमादला मासे कापणारा माणूस हवा होता. जमालुद्दीननी सिराजुद्दीनला शेजारी बसवूनच फोन लावला.

"कोकणातला माणूस आहे," ते अरबीत म्हणाले. "भरतीचं पाणी ह्याच्या घराच्या पायरीला लागतं. ह्याला मासा कापायला शिकवायचं म्हणजे बदकाला पोहायला शिकवण्यासारखं."

सिराजुद्दीनचा गुडघा जोरजोरात हलत होता. त्याने नाही म्हटले नाही.

गुहागरच्या बाजूला त्याच्या गावात पुरुष होडीवरून मासळी आणत, कल्ले उघडून ताजेपणा पारखत, भावासाठी भांडत आणि जेवताना कोणत्या आळीत सार चांगले होते यावर तासभर बोलत. कापण्याचे काम मात्र बायकांचे. त्या परसात विळी मांडीत, तिच्या पाटावर पाय दाबून बसत, आणि बघता बघता सुरमईच्या तुकड्यांनी परात भरे. सिराजुद्दीनने जन्मभर हे इतके पाहिले होते की ते आपल्याला येते की नाही, असा प्रश्नच त्याला कधी पडला नव्हता.

*

सप्टेंबरअखेर तिघे कतीफला आले. इथली हवा खमीससारखी कोरडी आणि थंड नव्हती. खजुराच्या बागांवरून येणारा दमट वारा अंगाला चिकटे. शेजारच्या दम्माम शहरातल्या एका शाळेने मोठ्या मिनतवारीने अफशाँला बारावीत घेतले. अबू इमादने सिराजुद्दीनचा इकामा आपल्या नावावर करून घेतला आणि एकच अट सांगितली. "तीन महिने हात पाहतो. बसला तर करार. नाही बसला तर फायनल एक्झिट, कायमचं मायदेशी."

पहिल्या सकाळी त्याच्यासमोर हामूर नावाचा एक जाडजूड मासा ठेवला गेला. सिराजुद्दीनने सुरी उचलली. मासा ओट्यावरून सटकला, खालच्या पाण्यात पडला आणि एका गिऱ्हाइकाच्या पायघोळ पांढऱ्या थोबवर शिंतोडे उडाले. दुसरा मासा त्याने घट्ट धरला, तर सुरी कण्यात अडकून बसली. तिसऱ्याला अंगठा कापला. बाजूच्या ओट्यावर मोहियुद्दीन काम करीत होता. हा केरळातल्या कोळिकोडकडचा, इथे मासे कापता कापता केस पिकलेला माणूस. त्याच्या हातातला मासा कपडे उतरवल्यासारखा आपोआप उघडा होत असे.

"भाई, तुम समंदर का आदमी है बोला," मोहियुद्दीन मान न उचलता म्हणाला. "कौन सा समंदर? मृत समुद्र?"

पलीकडच्या ओट्यांवर हशा पिकला. अबू इमाद हसला नाही. त्याने अंगठ्याला बांधायला चिंधी दिली आणि वाया गेलेल्या मासळीचा भाव वहीत लिहिला. त्या नोंदीने रात्री सिराजुद्दीनला झोप लागू दिली नाही.

पुढचे दिवस त्याने मोहियुद्दीनचा पिच्छा पुरवला. मनगट किती वळवतोस? बोट पात्याच्या पाठीवर ठेवतोस की मुठीवर? सुरी आधी ढकलतोस की ओढतोस? मोहियुद्दीनने प्रामाणिकपणे सांगायचा प्रयत्न केला. त्यासाठी त्याने आपल्याच हाताकडे, बहुधा कित्येक वर्षांनी प्रथमच, लक्ष देऊन पाहिले. आणि त्याच क्षणी त्याची सुरी भलतीकडे गेली. चांगल्या शेरी माशाचा अर्धा गर कण्याला चिकटून राहिला.

"अरे जाओ यहाँ से!" तो ओरडला. "पूछ पूछ के मेरा हाथ भी खराब करेगा तुम! हाथ को मत देखो. हड्डी किधर है, वो देखो. बस."

त्या 'बस'चा सिराजुद्दीनला काही उपयोग झाला नाही. हाडे तर माशाच्या आत होती.

शेवटी तो घरच्या उस्तादाकडे वळला. एका संध्याकाळी बाजारातून उरलेले छोटे मासे पिशवीत घालून तो आला आणि स्वयंपाकघरात जाऊन म्हणाला, "मासूमा, विळी काढ. मला शिकव."

मासूमाने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. ही विळी तिने लग्नानंतर गावाहून आणलेली होती. खमीसहून कतीफला येताना भांडी मागे राहिली, पण विळी आली. "बाप्याने विळीवर बसायचं?" ती म्हणाली. "गावात कळलं तर तुमच्या आईला तोंड दाखवायची चोरी."

"गावात कळायच्या आधी गावीच जायची पाळी येईल. शिकव."

तिने शिकवले. आणि आश्चर्य म्हणजे तो शिकला. पाटावर पाय कसा रोवायचा, मासा दोन्ही हातांत धरून पात्यावर कसा न्यायचा, डोके पात्यापलीकडे गेले की हात कसा आवरायचा, हे रोजच्या सरावाने त्याच्या अंगात मुरू लागले. विळीचे पाते जागचे हलत नाही. ते वाट पाहते. मासाच त्याच्याकडे जातो. कदाचित लहानपणापासून परसात पाहिलेले काही तरी त्याच्या स्नायूंत निजून राहिले असावे. काही आठवड्यांत मासूमा दारात उभी राहून म्हणू लागली, "बरं कापताय की हो. माझी सासू इथे असती तर तिनंही पसंत केलं असतं."

अभ्यासाचे पुस्तक छातीशी धरून आलेली अफशाँ म्हणाली, "अब्बा, धिस इज सो वियर्ड. पर अच्छा है."

कित्येक दिवसांनी त्या रात्री सिराजुद्दीनचा गुडघा स्थिर होता.

*

दुसऱ्या सकाळी तो आत्मविश्वासाने ओट्याशी उभा राहिला. गिऱ्हाईक कनद घेऊन आले, म्हणजे आपली सुरमईच. सिराजुद्दीनने सुरी उजव्या मुठीत घट्ट धरली, मनगट ताठ केले आणि डाव्या हाताने मासा पात्यावर लोटला.

मासा गेला, आणि पाठोपाठ डावा हातही. सुरी जागेवर उभीच होती. जागच्या जागी उभे राहायचे, हेच तर तिला धरणाऱ्या हाताने इतके दिवस शिकून घेतले होते. तळहातावर आडवी चीर उमटली.

मोहियुद्दीनने सुरी खाली ठेवली, जे तो सहसा करीत नसे. "चाकू को खंभा बनाया तुम?" त्याने विचारले. त्याच्या आवाजात या वेळी चेष्टेपेक्षा नवल अधिक होते. "ये किसने सिखाया?"

"घरी," सिराजुद्दीन म्हणाला, आणि जखमेपेक्षा त्या एका शब्दाने त्याचा चेहरा अधिक लाल झाला.

आधी त्याला काहीच येत नव्हते. आता त्याला चुकीचे येत होते, आणि ते जास्त अवघड होते. कोरा हात निदान ऐकतो. शिकलेला हात हट्ट करतो. तो स्वतःला बजावी की सुरी हलव, मासा नको. आणि घाई झाली, कोणी पाहत उभे राहिले, की मूठ ताठ होई आणि मासा पुन्हा पात्याकडे निघे.

अबू इमादने त्याला दुकानामागे बोलावले. दाढी पांढरी झालेला, मोजके बोलणारा तो माणूस रिकाम्या खोक्यावर बसला. "तुमच्या देशात घरी मासा कोण कापतं?"

सिराजुद्दीनने खरे ते सांगितले.

"म्हणजे जमालुद्दीनने मला माणूस विकला आणि हात घरीच ठेवला," अबू इमाद म्हणाला. त्याने थोडा वेळ चहाचा पेला फिरवला. "ते खोटं मी सोडून देतो, तीन महिन्यांची जबान दिली आहे. पण दुसरी गोष्ट सोडत नाही. सोमवारी तू सुरी एका तऱ्हेने धरतोस, मंगळवारी दुसऱ्या. कधी जाड हातमोजे, कधी पातळ. फोनवर कोणा जपान्याला कापताना बघतोस आणि लगेच त्याच्यासारखा उभा राहतोस. तुझ्या हाताला तू एक गोष्ट दोनदा करूच देत नाहीस."

"सुधारणा करत होतो," सिराजुद्दीन म्हणाला.

"नाही. पळत होतास."

त्या दिवसापासून त्याला एकच मासा मिळाला. साफी. कतीफच्या घरांत या माशावाचून भात जात नाही. पण त्याच्या पाठीवरचे काटे विषारी, टोचले की कोपरापर्यंत ठणका लागतो. सुरी एक, मासा एक, धरण्याची तऱ्हा एक. आधी पाठीचे काटे छाटायचे, मग पोट, मग कल्ले. बदल करायचा नाही.

सिराजुद्दीनला ही शिक्षा वाटली. रोज तेच करायचे आणि रोज जवळजवळ तितकेच वाईट करायचे, हे त्याच्या स्वभावाला सोसत नव्हते. घरी आला की तो येरझाऱ्या घाली, सुरीऐवजी चमचा घेऊन हवेत मनगट फिरवून पाही, पुन्हा विळीकडे बघे. मासूमाने विळी उचलून पलंगाखाली सरकवली.

"आज तरी काही सुधारलं का?" ती विचारी.

"काल बरं होतं. आज कालच्यापेक्षा खाली. मूठ थोडी पुढे घेतली तर बहुतेक..."

"अहो, विरजण लावलं की झाकून ठेवायचं असतं," मासूमा एकदा वैतागून म्हणाली. "तुम्ही घटकेघटकेला झाकण काढून ढवळताय आणि वर विचारताय, दही का लागत नाही!"

त्याने झाकण ठेवायचे ठरवले. ठरवणे सोपे होते. डिसेंबर जवळ येत चालला, तसा प्रत्येक माशावर त्याला मार्चमधल्या परीक्षेचा केंद्र क्रमांक छापलेला दिसू लागला. एका संध्याकाळी तो जेवताना अफशाँला म्हणाला, "तू नीट अभ्यास कर गो. तुझ्यासाठीच तर हे सारं चाललंय."

अफशाँने ताट दूर सारले. "अब्बा, प्लीज. मेरे लिए मत काटो. मछली कटेगी तो मेरे लिए, नहीं कटेगी तो मेरी वजह से? मुझे भी नींद नहीं आती फिर."

"असं बापाला बोलतात?" मासूमा म्हणाली, पण तिच्या आवाजात धार नव्हती.

सिराजुद्दीनने तिचे ताट पुन्हा तिच्यासमोर सरकवले. मुलीच्या ओठाची कातडी सोललेली त्याला त्या दिवशी प्रथमच दिसली. अस्वस्थपणा घरात एकट्याचा राहत नाही, हे त्याला जमालुद्दीनच्या थट्टेतून कधी कळले नव्हते ते आता कळले.

*

डिसेंबरच्या सुरुवातीच्या एका गुरुवारी बाजार तुडुंब भरला होता. काळ्या अबायातली एक वयस्क बाई साफीची भरलेली टोपली घेऊन त्याच्या ओट्याशी आली. तिचा फोन सारखा 'जागा शिल्लक नाही' म्हणत होता आणि नातवाचे फोटो त्यात येत नव्हते. ती फोनला शिव्या देत होती.

"आजी, फोनला बोल लावू नका," सिराजुद्दीन अरबीत म्हणाला. वीस वर्षांचे तोंड आपोआप सुरू झाले. "तुम्हाला रोज सकाळी गुलाबाची फुलं आणि सुप्रभात कोण पाठवतं?"

"माझ्या तिन्ही बहिणी."

"तोच तर रोग आहे. सेटिंगमध्ये जा. खाली, आणखी खाली. चाकाचं चित्र दिसतं का? तिथे आपोआप साठवणं बंद करा. नाही, ते नको, त्याने बहिणीच बंद होतील."

बाई हसली. मग तिने दुसरा प्रश्न काढला, मग सुनेच्या फोनचा तिसरा. सिराजुद्दीन सांगत राहिला, चेष्टा करीत राहिला, कोणता फोन घेऊ नये हे खाजगीत सांगितल्यासारखे सांगत राहिला. बाजूच्या ओट्यावर मोहियुद्दीनची सुरी हळू झाली, मग थांबली. त्याने पलीकडच्या माणसाला कोपराने ढोसले आणि ओठांवर बोट ठेवले. अबू इमादही गल्ल्यावरून वळून पाहू लागला.

बाईने पिशवीसाठी हात पुढे केला तेव्हा सिराजुद्दीनने खाली पाहिले. टोपली रिकामी होती. साफी एका रांगेत पडले होते. पाठी स्वच्छ, पोटे सरळ रेषेत उघडलेली. ते कोणी केले, हे समजायला त्याला एक क्षण लागला.

समजले आणि पुढच्याच माशाचा त्याने चेंदा केला.

"हाँ, हाँ!" मोहियुद्दीन खदखदून हसला. "अब देखा ना हाथ को? देखा! इसीलिए मैं चुप था."

पण आता एक गोष्ट त्याच्या हाती आली होती. हात तयार होत होता. त्याच्या पहाऱ्यात तो बुजत होता, एवढेच. त्यानंतर तो गिऱ्हाइकांशी बोलू लागला. कोणी नसेल तेव्हा नजर बोटांवर न ठेवता माशावर, जिथे काप पडायचा त्या जागेवर ठेवू लागला. काही दिवस बरे गेले, काही वाईट; वाईट दिवशीही त्याने मूठ बदलली नाही. साफीनंतर शेरी मिळाला, शेरीनंतर हामूर. मोहियुद्दीनचा वेग त्याला आला नाही. मूठ अजूनही कधी कधी ताठ होई, विशेषतः दमला असला की. विळी अंगातून पुरती गेली नव्हती, बहुधा जाणारही नव्हती. मात्र गिऱ्हाईक मासे परत आणीनासे झाले.

*

मुदत संपली त्या सकाळी अबू इमादचा मुलगा इमाद दुकानात आला. तो तिशीकडे झुकलेला. आजवर दम्माममधल्या एका कचेरीत कारकून होता, आणि ती कचेरी आता बंद झाली होती. त्याने कोरा करकरीत एप्रन बांधला होता आणि हातात स्वतःची नवी सुरी होती.

अबू इमादने सिराजुद्दीनला जवळ बोलावले. "वारे कसे वाहताहेत ते तुला सांगायला नको. मोबाईलच्या दुकानांचं झालं, उद्या आमच्या बाजाराचं होईल. तोवर घरचा माणूस ओट्याशी उभा राहिला पाहिजे. हा शिकेल, तू शिकवशील."

"मी?" सिराजुद्दीनने मोहियुद्दीनकडे पाहिले. "हात तर त्याचा चांगला आहे."

"त्याचा हात चांगला आहे, म्हणूनच त्याला सांगता येत नाही. येत नव्हतं तेव्हा कसं होतं, हे तो विसरला. तू विसरलेला नाहीस." अबू इमादने कराराचा कागद काढून ओट्यावरच्या कोरड्या कोपऱ्यात ठेवला, तारखेची जागा कोरी होती. "इमाद तयार होईपर्यंत तुझी नोकरी. तो तयार झाला की तू मोकळा. मी फसवत नाही, आधीच सांगतो."

"मी यूट्यूबवर सगळं पाहिलंय," इमाद हसून म्हणाला आणि सुरी बोटांत फिरवू लागला. "महिनाभरात हा ओटा माझा. हो ना, सिराज?"

मोहियुद्दीनची सुरी थांबली होती. महिना म्हटले तर मालक खूश होणार होता आणि परीक्षेआधी अफशाँचे सामान बांधावे लागणार होते. जास्त मुदत मागावी, तर मुलीसाठी वेळ काढतो आहे, हे अबू इमाद ओळखणार होता. मुलगी बारावीत आहे, हे बाजारात सर्वांना ठाऊक होते. सिराजुद्दीनने एप्रनला हात पुसले.

"बोल," अबू इमाद म्हणाला. "तारीख काय घालू?"

"मार्चअखेर घाला," सिराजुद्दीन म्हणाला. "माझ्या मुलीचा शेवटचा पेपर तेव्हा आहे, हे खरं. आणि त्याआधी ह्याचा हात बसणार नाही, हेही खरं. पहिल्या कारणामुळे दुसरं खोटं वाटत असेल, तर मला आजच फायनल एक्झिट द्या आणि ह्याच्या बोटांसाठी पट्ट्या आणून ठेवा."